फी ठरवायची कार्यशाळा: शीट कामाची, भागाकार चुकलेला

वन-टू-वन कोचिंग करणाऱ्यांसाठी नाशिकच्या कॉलेज रोडवर होणारी ही एक दिवसाची कार्यशाळा. फी 2,500 रुपये, त्यात जेवण आणि एक एक्सेल शीट.

पैसे वसूल होतात ते शीटमुळे, आणि घोळही तिच्यातच आहे. घरखर्च 60,000, भाडं-इंटरनेट-पेट्रोल 15,000, असे महिन्याचे 75,000 भरले की शीट त्याला 100 ने भागते आणि सेशनचा दर 750 सांगते. महिन्याला 100 सेशन घेतंय कोण? तासाभराच्या सेशनमागे तयारी असते, नंतरच्या नोंदी असतात, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न असतात. गंगापूर रोडवरून पाथर्डी फाट्याला जायचं तर जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच. आठवड्याला 15 सेशन म्हणजे डोक्यावरून पाणी. सणवार, लग्नसराई, आजारपण वगळून वर्षाचे 46 आठवडे धरा: 690 सेशन. त्यातली दहा टक्के ऐनवेळी रद्द होतात, उरली 621. वर्षाच्या 9 लाखांना त्याने भागलं की दर येतो साधारण 1,450. शीट फेकू नका, फक्त 100 च्या जागी 52 टाका, म्हणजे 621 भागिले 12 महिने.

पॅकेजचा भाग तर सरळ तोट्यात नेणारा. 12 सेशनवर 20 टक्के सूट द्या म्हणतात. म्हणजे 1,160 रुपये, खर्चही निघत नाही. सूट दहा टक्क्यांपर्यंतच परवडते, तीही पैसे आगाऊ घेतले आणि 24 तास आधी न कळवल्यास सेशन वजा होईल असं लिहून घेतलं तरच. कारण मग रद्द होणारी दहा टक्के सेशन बुडत नाहीत. पॅकेजला मुदतही हवी, चार महिने पुरेत. नाहीतर जूनमधलं पॅकेज दिवाळीनंतरही चालूच राहतं.

जीएसटी मात्र छान समजावला. वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेली की नोंदणी, आणि 18 टक्के. ‘सगळं धरून 1,500’ असा दर सांगून बसलात तर हातात 1,271 राहतात, म्हणून दरपत्रकावर ‘जीएसटी वेगळा’ हे पहिल्यापासून छापून ठेवावं.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांना बिलं देणाऱ्यांनी जाऊ नये. कंपनी बिलातून आधीच कापून घेते तो कर, म्हणजे टीडीएस, दोन मिनिटांत उरकला. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी जरूर जावं, रिक्षाने. शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.