स्ट्रीमलिट: एआय ॲपची कल्पना एका स्क्रीनवर आणताना

एआय ॲपची कल्पना डोक्यात घोळतेय, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, असं कुणी म्हणालं की मी आधी स्ट्रीमलिट सुचवते, म्हणजे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून वेब ॲप बनवण्याचं टूल. मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. पायथॉन कामापुरतं येतं, वेबसाइट बांधता येत नाही, आणि स्ट्रीमलिटला तेवढं पुरतं. पायथॉनची एक फाइल लिहायची, टर्मिनलमध्ये एक कमांड द्यायची, ब्राउझरमध्ये ॲप उघडतं. वेबपानाची रचना आणि सजावट ठरवणाऱ्या एचटीएमएल, सीएसएसला सुरुवातीला हात लावावा लागत नाही.

माझी मूळ कल्पना ऐसपैस होती. मीटिंगचं रेकॉर्डिंग द्यायचं, ॲपने ते लिहून काढायचं, कुणी कोणतं काम कधीपर्यंत करायचं याची यादी करायची, ती कॅलेंडरमध्ये टाकायची, वर ज्याला त्याला आठवणही करायची. पण सगळं अडतं एकाच ठिकाणी: एआय मॉडेलने काढलेली यादी माणूस विश्वासाने पुढे पाठवेल का? नाही पाठवली, तर कॅलेंडर आणि आठवणी काय कामाच्या? आवाजाचा मजकूर करणं हा भागही पहिल्या खेपेला सोडला. त्यासाठीचं ओपनएआयचं व्हिस्पर हे मॉडेल 2022 पासून खुलं आहे, ते नंतर जोडता येतं. उरलं ते इतकंच: मीटिंगचा लिहिलेला मजकूर चिकटवा, बटण दाबा, यादी तपासा.

एवढ्या कामासाठी स्ट्रीमलिट अगदी नेमकं आहे. मजकुराची चौकट, बटण, तक्ता, प्रत्येकाला जेमतेम एकेक ओळ. मी प्रत्येक कामाशेजारी ते ज्या वाक्यावरून काढलं ते मूळ वाक्य दाखवलं. हे एआयच्या कुठल्याही प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे कच्च्या नमुन्यात, करावं असं मला मनापासून वाटतं. वापरणाऱ्याला सगळा मजकूर पुन्हा चाळावा लागत नाही, आणि मॉडेलने मनाने काही घातलं असेल तर ते लगेच उघडं पडतं.

माझं मन जिंकलं ते स्ट्रीमलिटच्या डेटा एडिटरने. हा तक्ता दिसतो साध्या स्प्रेडशीटसारखा, पण माणसाने त्यात काय बदललं, कोणती ओळ वाढवली, कोणती पुसली, हे तीन वेगवेगळ्या नोंदींत आयतं हाती येतं. (ओळी वाढवण्या-पुसण्याची मुभा आधी चालू करावी लागते.) टेस्टरच्या नजरेने बघा: बदललेली ओळ म्हणजे मॉडेल चुकलं, वाढवलेली म्हणजे त्याच्या नजरेतून काम सुटलं, पुसलेली म्हणजे नसलेलं काम त्याने उभं केलं. ‘ॲप कसं वाटलं?’ असं विचारलं की लोक भिडेपोटी छान म्हणतात. तक्त्यातल्या दुरुस्त्यांना अशी भीड नसते. माझ्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या मीटिंगचे मजकूर घालून पाहिले, तेव्हा बहुतेक दुरुस्त्या नावाच्या रकान्यात झाल्या. ‘मी करून टाकतो’ हे वाक्य सापडत होतं, पण हा ‘मी’ कोण, ते मजकुरात नव्हतंच. मॉडेल बदलून हे सुटणारं नव्हतं, बोलणाऱ्यांची नावं मजकुरात असायला हवी होती. पुढच्या खेपेला काय करायचं ते तिथेच ठरलं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच नीट समजून घ्या. स्ट्रीमलिटमध्ये वापरणाऱ्याने कशालाही हात लावला, साधी टिक केली, तरी तुमची फाइल वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते. मॉडेलला विचारणारी ओळ तशीच उघडी ठेवली तर प्रत्येक क्लिकला मॉडेलकडे नवा कॉल, म्हणजे नवी विचारणा, जातो, त्याचे पैसे लागतात, आणि यादी माणसाच्या डोळ्यांदेखत बदलू शकते. चाचणीच्या दृष्टीने हे घातकच. म्हणून मॉडेलचा कॉल बटणामागे ठेवा आणि मिळालेलं उत्तर सेशन स्टेटमध्ये, म्हणजे फाइल पुन्हा चालली तरी टिकणाऱ्या स्ट्रीमलिटच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. या वागण्याला काही जण वैतागतात. मला मात्र हे वागणं मान्य आहे, कारण त्यामुळे कोड वरून खाली सरळ वाचता येतो.

दुसऱ्यांना ॲप दाखवायला स्ट्रीमलिटचीच कम्युनिटी क्लाउड ही सेवा आहे, फुकट. कोड गिटहब या कोड साठवण्याच्या साइटवर ठेवायचा, तिथून ते चालतं. मॉडेल वापरण्याची गुप्त किल्ली, म्हणजे एपीआय की, मात्र कोडमध्ये लिहू नका, सेवेच्या सीक्रेट्स या वेगळ्या जागेत ठेवा. कम्युनिटी क्लाउडवर फाइलमध्ये लिहिलेलं टिकेल याची खात्री नसते, त्यामुळे दुरुस्त्यांच्या नोंदी बाहेरच्या डेटाबेसमध्येच जायला हव्यात. बराच वेळ कुणी फिरकलं नाही तर ॲप झोपतं. पाहुण्यांना लिंक देण्याआधी एकदा स्वतः उघडून घ्या. बाकी टूल मुक्त स्रोत आहे, 2022 मध्ये स्नोफ्लेक या डेटा क्षेत्रातल्या कंपनीने स्ट्रीमलिट कंपनी विकत घेतली तरी ते तसंच राहिलं.

तुमची कल्पना ‘एक इनपुट, एक आउटपुट’ इतकीच असेल, म्हणजे फोटो दिला आणि वर्णन मिळालं, तर ग्रेडिओ हे असंच दुसरं पायथॉन टूल आणखी सुटसुटीत पडेल. ज्या कल्पनेचा जीवच हाताळणीत आहे, बोटाने सरकवणं, क्षणाक्षणाला बदलणारा पडदा, फोनवरच्या सूचना, तिथे स्ट्रीमलिट घेऊ नका. झगडण्यातच वेळ जाईल. मॉडेलचं उत्तर माणूस कितपत स्वीकारतो हे बघायचं असेल, तर माझे पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो मांडणीसाठी: रकान्यांची रुंदी आणि मोकळी जागा मनासारखी करायला गेलं की शेवटी सीएसएसकडे वळावं लागतं.