जुना नामांकित ग्रँड की वापरलेला जपानी अपराइट?

दुरुस्त करून विकायला पियानो घेताना हिशेब शेवटाकडून मांडावा: तयार झाल्यावर हा कितीला जाईल? तारा बदलणं, हॅमर (तारांवर आपटणारे छोटे हातोडे) बसवणं, अॅक्शन (पट्टी दाबल्यावर हॅमर हलवणारी यंत्रणा) जुळवणं याला लागणारे तास पुढच्या फळीवरचं नाव बघून कमी होत नाहीत. म्हणूनच फुकट मिळालेला बिननावाचा पियानो बहुतेकदा सगळ्यात महाग पडतो. जुने ओव्हरडॅम्पर अपराइट (तारा थांबवणारे डॅम्पर हॅमरच्या वर असलेले उभे पियानो) आणि स्पिनेट (अगदी बुटके उभे पियानो) तर लांबूनच सोडावेत. मग उरतात दोन वाटा.

पहिली ग्रँडची, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोची. स्टाइनवे, बेखस्टाइन, ब्ल्यूथनर (तिन्ही कंपन्या १८५३ सालच्याच, हा एक मजेदार योग). या नावांना गिऱ्हाईक आहे, त्यामुळे मोठं काम केलं तरी ते वसूल होण्याची आशा असते. पण भांडवल महिनोन्महिने अडकतं, आणि पारख चुकली तर फटका जबर. सुमारे २३० तारांचा मिळून २० टनांच्या आसपास ताण बिडाच्या चौकटीने पेललेला असतो. तिला तडा दिसला की टॉर्च बंद करून घरी यावं. साउंडबोर्डच्या (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या) भेगांना मात्र लोक उगाच घाबरतात. लाकडी पाचर घालून त्या बुजवता येतात. मला धास्ती असते ती सपाट झालेल्या बोर्डाची. खालून या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा. मध्ये फट दिसली तर बाक अजून शिल्लक आहे. ट्युनिंगच्या खुंट्या सैल असतील तर जाड मापाच्या घालून कधीकधी भागतं, पण पिनब्लॉकच (खुंट्या रोवलेला लाकडी ठोकळा) फाटला असेल तर तारा उतरवून चौकट उचलावी लागते आणि तुमचा नफा तिथेच संपू शकतो. नावालाही भुलू नका: जुन्या ब्ल्यूथनरमधली पेटंट अॅक्शन अनेक वादकांना नको असते. पट्ट्या हस्तिदंती असल्या तर परदेशी विक्रीला कायद्याची आडकाठी येते.

दुसरी वाट यामाहाच्या यू१ (१२१ सेंमी) किंवा यू३ (१३१ सेंमी) अशा अपराइटची. अनुक्रमांकावरून वर्ष कळतं, सुटे भाग मिळतात. हॅमर घासणं, रेग्युलेशन (अॅक्शनची बारीक जुळवणी), ट्युनिंग आणि पॉलिश एवढ्यावर पुष्कळदा काम होतं. अडचण एवढीच की भाव सगळ्यांनाच ठाऊक असतो. स्वस्तात हाती लागणं कठीण, आणि प्रत्येक नगामागे सुटतंही थोडंच. पण पैसा लवकर फिरतो.

घरातला घ्यावा की शाळेतला? घरातला कमी वाजलेला असतो, पण कित्येकदा हीटरशेजारी वर्षानुवर्षं ट्युनिंगविना पडलेला. शाळेतल्याच्या हॅमरला खोल खाचा असतात, बाहेरून ओरखडे असतात, पण ट्युनर नियमित येत असेल तर खुंट्यांची पकड त्याला माहीत असते. मी शाळेतला उचलेन. हॅमर बदलता येतात.

पहिलाच सौदा असेल तर अपराइटच घ्या. ग्रँड बघायला जाल तेव्हा सोबत ट्युनर न्या, फक्त विकणाऱ्याने सुचवलेला नको.