गिटचं ‘रिबेस-मर्जेस’: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाची स्वतःची आवृत्ती सांभाळणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असेल. आपले बदल वेगवेगळ्या ब्रांचवर (इतिहासाच्या स्वतंत्र फांद्यांवर), त्या सगळ्या एका इंटिग्रेशन ब्रांचमध्ये मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र आणलेल्या, आणि मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की हा सगळा पसारा उचलून नव्या बेसवर न्यायचा. साधं रिबेस, म्हणजे बदल नव्या बेसवर पुन्हा रचणं, चालवलं की मर्ज कमिट (ब्रांच जोडल्याच्या नोंदी) गळून पडतात आणि बदलांचे सगळे कमिट (नोंदी) एका रांगेत येऊन बसतात. कुठला बदल कुठल्या कामासाठी केला होता, ते मग कळेनासं होतं. आमच्या टीममध्ये हे काम माझ्याकडे आहे, आणि आता ते मी ‘--रिबेस-मर्जेस’ लावूनच करतो.

हा पर्याय 2018 मध्ये गिट 2.18 सोबत आला. गिट फॉर विंडोज सांभाळणाऱ्या योहानेस शिंडेलिन यांचं हे काम. त्यांनाही दर आवृत्तीला हेच करावं लागत होतं. आधीच्या ‘प्रिझर्व्ह-मर्जेस’मध्ये कमिटांचा क्रम बदलायला गेलं की भलतंच काहीतरी व्हायचं. 2.34 मध्ये ते काढूनच टाकलं.

इंटरॅक्टिव्ह रिबेसमध्ये उघडणारी, हाताने बदलता येणारी पायऱ्यांची यादी मला मनापासून आवडते. सुरुवातीला ‘लेबल ओन्टो’ (नव्या बेसला नाव), मग प्रत्येक ब्रांचसाठी ‘रीसेट ओन्टो’ (पुन्हा त्या बेसवर), तिचे ‘पिक’ (उचलायचे कमिट) आणि शेवटी त्या टोकाला दिलेलं लेबल. सर्वांत खाली ‘मर्ज’च्या ओळी. त्या ओळीत मोठा सी (‘-C’) असेल तर मर्जचा जुना संदेश तसाच राहतो, छोटा असेल तर एडिटर उघडतो. एका ब्रांचचा कमिट दुसरीत हलवायचा तर ओळ उचलून तिकडे ठेवायची. इतिहासाचा आकार इतका उघडपणे हातात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. मर्ज कमिट जसाच्या तसा उचलला जात नाही, तो नव्याने केला जातो. जुन्या मर्जमध्ये हाताने सोडवलेला कॉन्फ्लिक्ट (दोन ब्रांचच्या बदलांची टक्कर) पुन्हा समोर येतो. त्याचा त्रास नाही, कारण तो दिसतो. न दिसणारा प्रकार वाईट. आमच्याकडे एका ब्रांचने फंक्शनचं नाव बदललं होतं आणि दुसरीने त्याला जुन्याच नावाने नवीन ठिकाणी हाक मारली होती. मजकुरात कुठेही टक्कर नव्हती, म्हणून ती एक ओळ मर्ज कमिटमध्येच दुरुस्त केलेली होती. रिबेसने मर्ज निमूटपणे पार पाडला, दुरुस्ती गायब, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणं) फुटलं. भाषा कंपाइल होणारी होती म्हणून लगेच कळलं.

त्यामुळे रिबेसच्या आधी ‘गिट लॉग --मर्जेस --रीमर्ज-डिफ’ चालवतो. 2.36 पासून ही सोय आहे. गिट तोच मर्ज आपल्या परीने पुन्हा करून बघतं आणि माणसाने त्यात काय वेगळं केलं तेवढंच दाखवतं. जिथे कॉन्फ्लिक्ट नसताना काही दिसतं, ती दुरुस्ती मी स्वतंत्र कमिट करून ठेवतो. टीमलाही तीच सवय लावली आहे. कॉन्फ्लिक्टसाठी ‘रेरेरे’ चालू ठेवा, ते एकदा सोडवलेल्या कॉन्फ्लिक्टचं उत्तर लक्षात ठेवून पुन्हा वापरतं. जुने मर्ज ते चालू नसताना झाले असतील, तर गिटच्या कॉन्ट्रिब फोल्डरमधली ‘रेरेरे-ट्रेन’ स्क्रिप्ट त्या मर्जांमधून उत्तरं शिकून घेते. एरवी तेच कॉन्फ्लिक्ट दर वेळी सोडवत बसावे लागतात. शिवाय ‘--एक्झेक’ने प्रत्येक कमिटनंतर, मर्जनंतरही, बिल्ड चालवता येतं. वेळ खातं, पण मी ते सोडत नाही.

आणखी एक: जुन्या बेसच्याही आधी फुटलेली ब्रांच आपोआप नव्या बेसवर जात नाही, जिथून फुटली तिथेच राहते. तिलाही न्यायचं असेल तर ‘रिबेस-कझिन्स’ सांगावं लागतं.

2.38 मधल्या ‘--अपडेट-रेफ्स’मुळे मात्र कामाचा मोठा भार उतरला. आधी रिबेस झालं की एकेका ब्रांचचं नाव नव्या कमिटवर हाताने सरकवावं लागे. आता तीही सोबत सरकतात. दुसऱ्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपोच्या वेगळ्या कामाच्या फोल्डरमध्ये) चेकआउट असलेली, म्हणजे तिथे उघडलेली, ब्रांच तेवढी जागीच राहते, तिच्याकडे लक्ष द्या.

दोन-तीन ब्रांच असतील आणि त्यांवर बरेच जण एकाच वेळी काम करत असतील, तर या फंदात पडू नका, नवी आवृत्ती सरळ मर्ज करून घ्या. आपले बदल वर्षानुवर्षं वेगळे, वाचण्याजोगे आणि एक दिवस मूळ प्रकल्पाला पाठवता येतील असे ठेवायचे असतील, तर हाच पर्याय वापरा.