इंग्लिश व्हील की वाळूची पिशवी? हौशी पत्राकामाची सुरुवात कशाने करावी

गाडीची बॉडी स्वतःच घडवायची असं ठरलं की पहिला पेच हाच पडतो. जागा नि पैसे इंग्लिश व्हीलला, म्हणजे दोन चाकांमध्ये पत्रा दाबून वळवणाऱ्या यंत्राला द्यायचे, की वाळू भरलेली चामड्याची पिशवी, मोगरी आणि झाडाचा एक ओंडका एवढ्यावर कामाला लागायचं? मी दोन्ही करून बसलोय, तेही उलट्या क्रमाने. आधी व्हील घेतलं, पिशवी दोन वर्षांनी आली.

व्हीलची बाजू लंगडी अजिबात नाही. दोन चाकांमधून पत्रा मागेपुढे फिरवत राहायचं. दर फेरीला तो किंचित पातळ होतो, पसरतो आणि फुगवटा धरतो. हाताला लय सापडली की पृष्ठभाग इतका गुळगुळीत निघतो की मठारायला, म्हणजे हलक्या ठोक्यांनी एकसारखं करायला, फारसं काही उरत नाही. छप्पर किंवा दाराचा बाहेरचा पत्रा, म्हणजे लांबरुंद पण कमी फुगवट्याचं काम, व्हीलवर जसं होतं तसं हाताने मला अजून जमलेलं नाही. शिवाय आवाज जवळपास नाहीच. रात्री साडेदहाला घरातले झोपलेले असताना मी व्हील चालवलंय, कुणी कूससुद्धा बदलली नाही.

पिशवीवर सगळं उलटं. ठोकून खळगा पाडला की तो अक्रोडाच्या टरफलासारखा दिसतो, मग डॉलीवर, म्हणजे खाली धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, धरून मठारत बसायचं. पहिले काही महिने तुमच्या हातून पॅनेल नव्हे, मार खाल्लेलं पातेलं बाहेर पडतं. पिशवीवरचे ठोके दबके असतात, पण मठारण्याचा आवाज शेजारी पोचतोच, त्यामुळे ते काम मी रविवारी दुपारसाठी ठेवतो. वाळू शिवणीतून झिरपते हा आणखी एक ताप. शिशाचे छर्रे पिशवीत जास्त छान बसतात, पण शिशाची धूळ अंगाला चांगली नाही, म्हणून मी वाळूवरच राहिलो.

मग पारडं पिशवीकडे कशाने झुकलं? माझ्यापुरतं सांगायचं तर, दुसऱ्या माणसाने.

व्हीलची प्रात्यक्षिकं बघा: हातात बहुतेक वेळा फूटभर तुकडा असतो आणि तो लोण्यासारखा फिरतो. मी बॉनेटचा अर्धा भाग करायला घेतला, सव्वा मीटर लांब, १.६ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम. तुकडा चाकातून पलीकडे गेला की त्याचं लांबचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. पत्रा खालच्या चाकावर तिरका बसतो, चाकाची कड लागते आणि नको तिथे रेघ उठते. ती रेघ घालवायला आणखी फेऱ्या, म्हणजे आणखी ताण. छताला रबरी दोऱ्या बांधून टोक टांगून पाहिलं, तर पत्रा झोपाळ्यासारखा हिंदकळू लागला. शेवटी धाकट्या भावाला पलीकडे उभं केलं. तो बिचारा मनापासून करायचा, पण मी ओढताना तो ढकलायचा आणि मी थांबलो की तो पुढे जायचा. पत्र्यावर आमच्या विसंवादाचा नकाशाच उमटला. जोडी जमायला वेळ लागतो म्हणतात, लागत असेलही. पण हौशी माणसाचं काम रात्री नि सुट्टीत चालतं, आणि त्या वेळी हक्काने हाक मारावी असा माणूस किती जणांकडे असतो? व्हील रात्री चालवता येतं म्हणून घेतलं, आणि रात्रीच दुसरं टोक धरायला कुणी नाही!

पिशवीवर पत्रा टेकलेला असतो. मी एकटा पुरतो.

दुसरी गोष्ट जरा नंतर लक्षात आली. व्हील पत्रा ताणतं, आकसवत नाही. नवशिक्याची चूक तर बहुतेक वेळा जास्त ताणण्याचीच असते. फेंडरची (चाकावरच्या मडगार्डची) कड आत वळवताना तिथला पत्रा आटवावा लागतो. ओंडक्यावर कडेला चुण्या घालायच्या आणि चुणी उलगडू न देता ठोकून जिरवायची, यातच ते कळतं. हातलिव्हरचं श्रिंकर मशीन कडेपुरतं हेच करतं, पण त्याच्या जबड्याला आत फार पोचता येत नाही आणि दातांचे वळ राहतात. चुणी जिरवताना पत्रा हाताखाली जाड होतोय हे जाणवतं, आणि मग व्हीलवर काय बिघडत होतं त्याचाही उलगडा होतो. निदान मला झाला.

काम करता करता पत्रा ताठरतो दोन्हीकडे, पिशवीवर जरा लवकर, आणि मग तो तापवून मऊ करावा लागतो. अॅल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांना वितळतो, म्हणून अॅसिटिलीनच्या ज्योतीची काजळी धरून ती जेमतेम जळेपर्यंतच तापवायचं, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

परंपरेचा आधार हवा असेल तर तो दोन्हीकडे मिळतो. व्हीलच्या नावातच इंग्लंड आहे आणि तिथल्या कोचबिल्डरांनी, म्हणजे गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्यांनी, त्यावर अप्रतिम कामं केली. इटलीत मोदेनाच्या सर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कारखान्यात १९५० आणि ६० च्या दशकांत फेरारीच्या बॉड्या हातोड्याने ठोकून घडत होत्या. तेव्हा हातोडा म्हणजे गरिबाची तडजोड, असं मानायचं कारण नाही.

तुमच्या मनात सपाट, मोठ्या पॅनेलांची गाडी असेल आणि घरात शांत डोक्याचा जोडीदार असेल, तर माझं बोलणं खुशाल बाजूला ठेवा. माझं व्हीलही विकलेलं नाही. पिशवीवर घडलेले छोटे तुकडे जोडण्याआधी त्यावरून फिरवून घेतो, तेवढ्यासाठी ते उत्तम आहे. मात्र ते घेण्यापूर्वी कुणाकडे तरी जाऊन चालवून बघाच, आणि जाताना मीटरभराचा पत्रा घेऊन जा. यजमान दुसरं टोक धरायला पुढे आले, तर त्यांना जरा वेळ चहा प्यायला पाठवा.