कॅसेट डेक आणि यूएसबी साउंड कार्ड: अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

घरातला जुना डबल कॅसेट डेक दुरुस्त करून घेतला, त्याच्या लाइन-आउटला (आवाज बाहेर देणाऱ्या सॉकेटला) यूएसबी साउंड कार्ड, म्हणजे तो आवाज लॅपटॉपला घेता येईल असा करणारी छोटी डबी, जोडलं आणि कॅसेटी लॅपटॉपवर उतरवायला लागलो, त्याला आता बरेच महिने झाले. बेळगाव-खानापूरकडे ज्यांच्या कपाटात कॅसेटी पडून आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

बंद पडलेला डेक भंगारात देऊ नका. बहुतेकदा आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो, नाहीतर वितळून चिकटलेला. टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर सरकायला हवी. बेल्ट घसरला की वेग हलतो आणि तानपुऱ्याचा षड्ज डळमळतो. ख्याल ऐकणाऱ्याला ते सोसवत नाही. बेल्ट बदलून, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (टेप पुढे सरकवणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर आवाज एकदम मोकळा झाला.

आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालूच नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागते. आता मी सगळ्या कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, उभ्या ठेवतो.

उतरवायला घाई चालत नाही. 60 मिनिटांच्या कॅसेटला 60 मिनिटंच लागतात. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल (न दाबलेला आवाज) मिनिटाला साधारण 10 एमबी होते. तीच फ्लॅक या प्रकारात दाबून ठेवली की जागा जवळपास निम्मी लागते आणि आवाजातलं काहीच जात नाही. फोनसाठी वेगळी एमपी3 काढतो. रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, माझ्याकडे त्यानेच गेली.

आता ही खटपट कशासाठी? सुळेभावीचे कुमार गंधर्व, धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर, यांचं कंपन्यांनी काढलेलं बरंच गाणं फोनवर मिळतं, आणि ते मी फोनवरच ऐकतो. पण अ‍ॅपवर तबला-हार्मोनियमवाल्यांची नावं बरेचदा नसतात. कॅसेटच्या कव्हरवर असतात. कव्हरचा फोटो काढून ती नावं मी फाइलच्या टॅगमध्ये (फाइलसोबत राहणाऱ्या माहितीत) भरतो. साथ कोणाची हे कळल्याशिवाय मैफल अर्धीच ऐकल्यासारखी वाटते.

आणि आमच्या आजीच्या ओव्या कुठल्याच अ‍ॅपवर नाहीत. जात्याची घरघर, तिचा आवाज, मधेच दारात आलेल्या शेजारणीशी कानडीत दोन शब्द, की परत मराठी ओवी. गल्लीतल्या भजनी मंडळाचं, गणेशोत्सवातल्या गाण्याचं असं कितीतरी एकेकाच कॅसेटवर आहे. माझ्या मते सुरुवात यांच्यापासूनच करावी. विकतच्या कॅसेटी नंतर.

उतरवून झाल्यावर मूळ कॅसेट टाकू नका. हार्ड डिस्क सांगून बंद पडत नाही, म्हणून फाइलच्या दोन प्रती दोन घरांत ठेवल्यात. शिवाय पुढे याहून चांगला डेक हाती आला तर मूळ टेपवरून परत उतरवता येईल, एमपी3वरून नाही.

वॉकमनसारखे स्वस्त यूएसबी प्लेअर या कामासाठी घेऊ नका, वापरून पाहिलेल्याचा वेग स्थिर नव्हता. 90 मिनिटांची टेप 60 च्या टेपपेक्षा पातळ असते. ती सारखी पुढे-मागे पळवू नका, सलग वाजवूनच उतरवा.