पार्लरसाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: क्लायंट टिकवायला कितपत कामाचं?

अनेक पार्लरमध्ये हे अ‍ॅप फक्त सणासुदीच्या ऑफर पाठवायला वापरलं जातं. खरी कामाची गोष्ट आहे ती लेबल, म्हणजे चॅटला लावायची रंगीत खूण. फुकटात २० लेबल मिळतात आणि क्लायंटला ती दिसत नाहीत. पण 'वॅक्स', 'फेशियल' अशी नावं देऊन उपयोग नाही, कारण कुणाला कधी बोलवायचं ते त्यातून कळत नाही. महिन्याच्या आठवड्यांची ४ लेबलं करा आणि केराटिनसारख्या (केस सरळ-मऊ करायची ट्रीटमेंट) काही महिन्यांनी करायच्या कामांसाठी महिन्यांची १२. उरलेल्या चारांत 'नवरी' आणि 'अ‍ॅलर्जी' ही दोन हवीतच.

वॅक्स किंवा रूट टचअप (केसांच्या मुळांशी कलर) झालं की ४ आठवड्यांनंतरचं लेबल लावा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेवढ्यात भांगात पांढरं दिसू लागतं. दर सोमवारी त्या आठवड्याचं लेबल उघडून एकेकीला नाव घेऊन मेसेज करायचा. लेबलवरून अ‍ॅप स्वतःहून आठवण करत नाही, ही मोठी उणीव आहे. शिवाय काम झाल्यावर लेबल बदलायचं राहिलं, की कालच येऊन गेलेल्या बाईला 'या' म्हणून मेसेज जातो.

ग्रीटिंग मेसेज, म्हणजे मेसेज करणाऱ्या क्लायंटला आपोआप जाणारं स्वागत, सांभाळून लावा. १४ दिवस बोलणं झालं नसेल तर तो पुन्हा जातो. म्हणजे महिन्याने येणाऱ्या जुन्या क्लायंटला दर वेळी 'आमच्याकडे पहिल्यांदाच आलात का?' विचारलं जाणार! सेटिंगमध्ये तो फक्त सेव्ह नसलेल्या नंबरांना जाईल असं करा, आणि प्रत्येकीचा नंबर सेव्ह करा.

ब्रॉडकास्टच्या (एकच मेसेज अनेकींना वेगवेगळा पाठवायची सोय) एका यादीत २५६ जणी बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. तुमचा क्यूआर कोड स्कॅन केल्याने नंबर सेव्ह होत नाही. बिल करतानाच त्यांच्याकडून तो सेव्ह करून घ्या. ऑफरचा मारा मात्र नको. बायका ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, आणि नंबरच बंद पडू शकतो.

क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, उत्तम. वॅक्सनंतर २४ तास गरम पाणी, स्क्रब नको. कलरच्या ४८ तास आधी पॅच टेस्ट (अ‍ॅलर्जी येते का ते त्वचेवर थोडा कलर लावून बघणं): हे एकदा लिहून ठेवा, मग '/' दाबून पाठवा. सूचना वेळेत गेली की पुरळाच्या तक्रारी कमी होतात, आणि पुरळ उठलेली क्लायंट सहसा परत येत नाही.

कलरचा फॉर्म्युला मात्र रजिस्टरमध्येच लिहा: शेड नंबर, ३० ग्रॅम ट्यूब, ४५ मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड), ३५ मिनिटं, तारीख. चॅटमध्ये तो पटकन सापडत नाही आणि बॅकअप नसेल तर फोन बदलला की हरवतो.

सिम वेगळं आणि स्वतःच्या नावावर घ्या. दुकान हललं तरी नंबर तोच राहतो, रिचार्ज तेवढा चुकवू नका. दुसऱ्याच्या सलूनमध्ये नोकरी असेल तर तिथल्या क्लायंटचे नंबर कुणाचे, हे रुजू होतानाच लेखी ठरवून घ्या.