‘पॅराबोलिक’ म्हणून घेतलेला आरसा

न्यूटनी दुर्बीण (भिंगाऐवजी आरशाने प्रकाश गोळा करणारी) घरी बांधताना मुख्य आरसा स्वतः घासण्याचा मी कंटाळा केला आणि तिथेच फसलो. 200 मिमी व्यासाचा, 1000 मिमी नाभीय अंतराचा, बोरोसिलिकेट (तापल्यावर फारशी न फुगणाऱ्या) काचेचा ‘पॅराबोलिक’ आरसा असे वर्णन वाचून मी तो तयारच मागवला. पॅराबोलिक म्हणजे अन्वस्ताकार, ताऱ्याचे सगळे किरण एकाच बिंदूत आणणारा. लेप इतका लखलखीत होता की शंका आलीच नाही.

गुरूचे पट्टे दिसायला हवे होते तिथे पुसट तबकडी दिसली. दोन महिने मी आरशांच्या जुळणीला, नळीतल्या उबदार हवेला आणि खरे सांगायचे तर स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिलो. तेवढ्यात माल परत करण्याची मुदत उलटून गेली.

शेवटी आरशाचा आकार तपासणारी फूको चाचणी केली. आरशापासून 2000 मिमीवर, म्हणजे त्याच्या वक्रताकेंद्रापाशी, बारीक छिद्रामागे दिवा ठेवून परतणाऱ्या किरणांत ब्लेडची धार हळूहळू सरकवली, तेव्हा संपूर्ण आरसा एकाच क्षणी, एकसारखा करडा झाला. दृश्य मोठे देखणे होते आणि तोच पुरावा होता, कारण असा काळवंडतो तो गोलीय आरसा. अन्वस्ताकार आरशावर कड्यासारखी सावली उमटते. छिद्र आणि ब्लेड एकत्र सरकवल्यास या मापाच्या आरशात मध्य आणि कड काळवंडतानाच्या ब्लेडच्या जागांत सुमारे 2.5 मिमीचा फरक यायला हवा. माझ्याकडे तो मोजण्याइतकाही नव्हता. 114 मिमी व्यास आणि 900 मिमी नाभीय अंतर असते तर गोलीय आरसा चालूनही गेला असता. 200 ला 1000 हे प्रमाण त्याला झेपत नाही.

मग बाकीचेही तपासले. मुख्य आरशाची काच कडेने हिरवट दिसत होती, म्हणजे खिडकीला वापरतात तीच साधी काच. प्रकाश डोळ्याकडे वळवणाऱ्या छोट्या, दुय्यम आरशाच्या कडेला पेन्सिलीचे टोक हलकेच टेकवले, तर टोक आणि प्रतिबिंब यांच्यात स्पष्ट फट होती. लेप पुढच्या बाजूला असता तर दोन्ही टोके भिडली असती. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी, खोके उघडताना पाहता आल्या असत्या. विक्रेत्याला कळवल्यावर ‘पॅराबोलिक हे मॉडेलचे नाव आहे’ असे उत्तर आले.

आता लेप काढून मी तोच आरसा पिचच्या लॅपवर (डांबरासारख्या राळेचा थर दिलेल्या घासायच्या तबकडीवर) मध्यभागी खोल करतो आहे. साधी काच घासताना तापून फुगते, त्यामुळे प्रत्येक चाचणीपूर्वी ती निवेपर्यंत थांबावे लागते.